वाचक विचारतात : घरातल्या रुळांवरची आगगाडी

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत मॉडेल रेल्वेविषयीची पत्रे आता इतकी साठली आहेत, की या वेळची सगळी जागा त्यांनाच द्यावी असे ठरवले. बहुतेक पत्रांची सुरुवात ‘कोणता संच विकत घेऊ?’ या प्रश्नाने होते. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. आपल्याला कोणती गाडी, कोणत्या मार्गावर आणि कोणत्या काळातली धावताना पाहायची आहे, हे आधी ठरवावे. मग स्केल किती, जागा किती, वळण केवढे आणि खर्च किती, हे सारे त्यातूनच ठरत जाते. पुढील उत्तरे याच क्रमाने वाचावीत, ही विनंती.

प्रश्न : आमच्या घरातील दहा बाय दहा फुटांची एक खोली मला या छंदासाठी मिळाली आहे. तिथे दख्खनची राणी धावताना पाहायची फार वर्षांची इच्छा आहे. एचओ स्केल घ्यावे की एन? शिवाय परदेशी रुळांवर आपली ब्रॉडगेज गाडी बरोबर दिसेल का? (डोंबिवली)

उत्तर : आपण गाडी आधी ठरवली आहे, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. उरलेले काम हिशेबाचे आहे. एचओ म्हणजे १:८७ हे प्रमाण (खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढे मॉडेल), आणि त्यात दोन रुळांमधील अंतर १६.५ मिमी असते. हे अंतर १,४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजवरून ठरलेले आहे. आपले ब्रॉडगेज मात्र १,६७६ मिमी रुंद आहे. १,६७६ला ८७ने भागले तर १९.३ मिमी येतात, म्हणजे बाजारात मिळणारे एचओचे रूळ आपल्या गाडीसाठी पावणेतीन मिमीने अरुंद ठरतात. ब्रिटिश ओओ स्केल १:७६ इतके मोठे असूनही त्याचे रूळ त्याच १६.५ मिमीचे असतात, त्यामुळे तिथे ही तूट साडेपाच मिमीपर्यंत जाते. काही निष्ठावंत कारागीर मापाचे रूळ स्वतः बसवतात, परंतु त्यासाठी प्रत्येक इंजिनाचे आणि डब्याचे आस बदलावे लागतात, आणि पुढे विकत घेतलेली कोणतीही वस्तू त्या रुळांवर थेट चालत नाही. नवशिक्याने ही तडजोड मनापासून स्वीकारावी, असे मी आग्रहाने सांगेन. गाडी बाजूने पाहताना हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. तो जाणवतो इंजिन समोरून येताना. म्हणून बैठकीची जागा अशी निवडावी की गाडी डोळ्यांसमोरून आडवी जाईल.

आता लांबीचा विचार करू. आजचा एलएचबी (जर्मन आराखड्याचा) डबा साधारण साडेतेवीस मीटर लांब असतो, म्हणजे एचओमध्ये २७ सेंमी आणि १:१६० प्रमाणाच्या एन स्केलमध्ये पावणेपंधरा सेंमी. गाडी वळणावर शोभून दिसायची असेल तर वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या किमान तिप्पट असावी, असा एक अनुभवसिद्ध अंदाज आहे. त्यानुसार एचओला सुमारे ८० सेंमी आणि एनला सुमारे ४५ सेंमी त्रिज्या लागते. प्लायवूडचा पूर्ण तक्ता आठ बाय चार फुटांचा, म्हणजे १२२ सेंमी रुंद असतो. त्यावर एचओचे असे अर्धवर्तुळ बसतच नाही. सुरुवातीच्या संचांतील वळणे ३६ ते ४४ सेंमी त्रिज्येची असतात. त्यांवर लांब डब्याचा मधला भाग रुळांच्या आत आणि टोके बाहेर झुकतात, आणि कपलिंगवर आडवा ताण येऊन शेवटचे डबे खाली उतरतात. टेबलच करायचे असेल तर एन स्केल घ्यावे.

परंतु आपल्याकडे पूर्ण खोली आहे, त्यामुळे माझी शिफारस वेगळी आहे. चारही भिंतींना लागून दीड फूट रुंदीची फळी छातीच्या उंचीवर बसवावी, दरवाजापाशी उचलून बाजूला करता येईल असा पूल करावा, आणि एचओ घ्यावे. कोपऱ्यांत मोठी वळणे मिळतात, मात्र प्रत्येक भिंतीवर सरळ मार्ग जेमतेम दीड मीटर उरतो. त्यात आजची संपूर्ण गाडी मावणार नाही. इथे काळाची निवड आपल्या मदतीला येते. १ जून १९३० रोजी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने ही गाडी सुरू केली तेव्हा तिच्या दोन रेक (डब्यांचे पूर्ण संच) होत्या आणि प्रत्येकीत सातच डबे होते. एका रेकचा रंग रुपेरी आणि त्यावर लाल पट्ट्या. दुसरीचा गडद निळा आणि त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडमध्ये बनले होते आणि त्यांवरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात उभे केले गेले होते. सात डबे आणि एक विजेचे इंजिन मिळून एचओमध्ये साधारण दोन मीटर होतात. म्हणजे एकही डबा न गाळता, इतिहासाला धरून, संपूर्ण दख्खनची राणी आपल्या खोलीत धावू शकते.

बोरघाटाचा मोह होणारच, आणि तो जरूर पुरा करावा. घाटातील प्रत्यक्ष चढ ३७ला १ आहे, म्हणजे शेकडा २.७. मॉडेलमध्ये दोन ते तीन टक्क्यांहून जास्त चढ देऊ नये असे सांगतात, त्यामुळे घाटाचा खरा चढ जशाचा तसा ठेवता येतो, हे मला या विषयातले मोठे भाग्य वाटते. खालच्या मार्गावरून वरचा मार्ग नेण्यासाठी सुमारे आठ सेंमी उंची लागते. ३७ला १ या दराने ती गाठायला तीन मीटर लांबी हवी, म्हणजे आपली एक भिंत पूर्ण. सात डबे चढताना इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागली, तर कर्जतला लावतात तसे मागून जोर देणारे इंजिन लावावे. मागचे इंजिन पुढच्यापेक्षा वेगाने धावणारे नसावे, एवढी दक्षता घेतली म्हणजे झाले. नाहीतर मधले डबे वळणावर बाहेर ढकलले जातात.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त जपानमध्ये असतो. तो येताना एन स्केलचा काटो कंपनीचा संच आणणार आहे. इथे काही अडचण येईल का? (नाशिक)

उत्तर : गाडीला अडचण नाही, पण वीजजोडणीला आहे. एन स्केलच्या साध्या संचांत रुळांवर जाणारी वीज १२ व्होल्ट डीसी असते आणि ती सगळीकडे सारखीच. मात्र जपानमधील घरगुती वीज १०० व्होल्टची आणि आपली २३० व्होल्टची आहे. कंट्रोलरच्या किंवा अ‍ॅडॅप्टरच्या पाठीवरची चिठ्ठी वाचावी. तिच्यावर १००–२४० असे छापलेले असेल तर पिनेचा आकार बदलणारा जोड पुरेसा आहे. नुसते १०० छापलेले असेल तर ते थेट भिंतीतील सॉकेटमध्ये लावू नये. योग्य क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यावा किंवा कंट्रोलर इथलाच वापरावा. अमेरिकेतून येणाऱ्या १२० व्होल्टच्या संचांनाही हेच लागू होते.

याच ओघात एक गोष्ट सांगतो. जर्मनीच्या मर्कलिन कंपनीची एचओ गाडी कोणी भेट दिली, तर ती इतर कंपन्यांच्या दोन-रुळी मार्गावर ठेवू नये. मर्कलिनची पद्धत दोन रुळांच्या मधोमध बसवलेल्या धातूच्या बिंदूंतून वीज घेण्याची आहे आणि तिच्या चाकांमध्ये विद्युतरोधक नसतो, त्यामुळे दोन-रुळी मार्गावर ती ठेवताच शॉर्टसर्किट होते.

प्रश्न : मार्च-एप्रिलमध्ये उत्तम धावणारी गाडी जूननंतर झटके देत चालते, सांध्यांवर थांबते, दिवे लुकलुकतात. मोटर खराब झाली असेल का? (रत्नागिरी)

उत्तर : मोटरला हात लावू नये. कोकणातील पावसाळ्यात दोष बहुधा रुळांच्या माथ्यावर आणि चाकांवर असतो. गाडीला लागणारी सगळी वीज चाक आणि रूळ यांच्या टेकण्याच्या, टाचणीच्या टोकाएवढ्या जागेतून जाते. त्या जागेवर दमट हवेने आलेला थर, तेल आणि धूळ यांचा काळा लेप बसला, की वीज तुटक मिळते. जुने रूळ पितळेचे असतील तर हा त्रास अधिक होतो, कारण पितळेवरचा थर वीज नीट वाहू देत नाही. लोखंडी रूळ तर सरळ गंजतात. आज चांगले रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. त्यात चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. त्याच्यावरचा थर तुलनेने कमी त्रास देतो, तरी त्यालाही सफाई लागतेच.

सफाईसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे सुती कापड वापरावे. पॉलिशपेपर कधीही वापरू नये. त्याने रुळावर बारीक चरे पडतात आणि पुढची घाण त्यांतच घर करते. इंजिनाची चाके स्वच्छ करण्याची एक सोपी रीत आहे. अल्कोहोलमध्ये भिजवलेला पेपर नॅपकिन रुळांवर आडवा पसरावा, इंजिनाची पुढची चाके नॅपकिनवर आणि मागची उघड्या रुळांवर येतील असे इंजिन हाताने हलकेच धरावे आणि वीज सुरू करावी. चाके जागच्या जागी फिरतात आणि नॅपकिनवर दोन काळ्या रेघा उमटतात. मग इंजिन फिरवून दुसरी बाजू करावी. रेघा पांढुरक्या होईपर्यंत नॅपकिनची नवी जागा पुढे घेत जावी. त्यानंतर आसांना तेल द्यायचेच असेल तर प्लॅस्टिकला अपाय न करणारे तेल सुईच्या टोकाने, थेंबाहूनही कमी द्यावे. जास्तीचे तेल चाकांवाटे पुन्हा रुळांवर येते आणि सगळे श्रम वाया जातात.

एवढे करूनही ठरावीक जागीच गाडी अडखळत असेल, तर तिथला रुळांचा जोड तपासावा. कारखान्यातून येणाऱ्या जोडपट्ट्या कालांतराने सैल होतात आणि त्यांच्या आत थर बसतो. त्यांच्या भरवशावर न राहता दर मीटरभर अंतरावर खालून वेगळ्या तारा सोडून त्या रुळांना डाख द्यावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ज्यांनी ते सुरुवातीलाच केले त्यांचे लेआऊट (रुळांची संपूर्ण मांडणी) वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात.

प्लायवूडविषयी आपण विचारले नाही, तरी सांगायला हवे. कोकणात साधे प्लाय वापरू नये. बाराएक मिमी जाडीचे, उकळत्या पाण्यात टिकणारे बीडब्ल्यूपी प्रतीचे प्लाय घ्यावे आणि वर, खाली तसेच चारही कडांना प्रायमर आणि रंग द्यावा. लोक वरची बाजू सजवतात आणि खालची कोरी सोडतात. पावसाळ्यात तिथूनच ओल शिरते, फळी वाकते आणि सरळ मार्गावर उंचवटे येतात.

प्रश्न : सासऱ्यांच्या जुन्या ट्रंकेत चावीची पत्र्याची आगगाडी सापडली. तळाशी हॉर्नबी आणि मेकॅनो लिमिटेड, लिव्हरपूल अशी अक्षरे आहेत. काही ठिकाणी गंज आहे आणि रंग उडाला आहे. रंगवून घ्यावी का? तिचे मोल किती असेल? (सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : रंगवू नका. हे आधी ठळकपणे सांगतो, कारण सद्भावनेने केलेल्या रंगकामामुळे जेवढ्या जुन्या गाड्यांचे नुकसान झाले तेवढे गंजाने झाले नसेल. मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली आगगाड्या बनवायला सुरुवात केली. ३२ मिमी अंतराच्या रुळांवर चालणाऱ्या ओ गेजच्या त्यांच्या चावीच्या गाड्या ब्रिटिश अमलात आपल्याकडील सुखवस्तू घरांतही आल्या. त्या गाडीवरचा मूळ रंग, त्यावरची अक्षरे, खरचटलेल्या खुणासुद्धा तिच्या इतिहासाचा भाग आहेत. संग्राहक त्यालाच मान देतात.

मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढावी. छापील रंगाच्या पत्र्यावर पाणी, अल्कोहोल किंवा थिनर लावू नये. अक्षरे पुसली जातात. गंज जिथे सैल आहे तिथे तो अलगद झटकावा, खरवडू नये, आणि रंगहीन मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. आतली स्प्रिंग अडकलेली असेल तर गिअरचा सांगाडा घरी उघडू नका. गुंडाळलेली स्प्रिंग एकदम सुटली तर बोटांना गंभीर इजा होऊ शकते. हे काम जुनी भिंतीवरची घड्याळे दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे द्यावे.

एक गोष्ट मात्र बारकाईने तपासा. चाके किंवा इंजिनाचे ओतीव भाग फुगलेले, भेगाळलेले, कडेने भुगा होत असलेले दिसतात का? त्या काळच्या जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत शिसे अशुद्धी म्हणून मिसळले गेले, तर वर्षे लोटल्यावर धातू आतून तुटत जातो, आणि दमट, उष्ण हवेत हे लवकर होते. याला उपाय नाही. हा दोष शेजारच्या वस्तूला लागत नाही, त्यामुळे घाबरून बाकीचे सामान दूर करण्याचे कारण नाही. अशी चाके काढून ती वेगळ्या पाकिटात जपावीत आणि नवी बसवावीत. जुन्या हॉर्नबीसाठी सुटे भाग बनवणारे कारागीर ब्रिटनमध्ये आहेत.

मोलाचे म्हणाल तर गाडी न पाहता आकडा सांगणे प्रामाणिक ठरणार नाही. ते ठरते गाडीच्या अवस्थेवर, मूळ चावीवर आणि मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यावर. ट्रंकेचा तळ पुन्हा एकदा नीट पाहा. चुरगाळलेले लाल किंवा तपकिरी खोके मिळाले तर ते फेकू नका. गाडी माळ्यावर ठेवू नये, कारण तिथे उन्हाळ्यात हवा फार तापते. डांबराच्या गोळ्याही जवळ नकोत. कपाटात, आम्लरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. आणि सासूबाई किंवा घरातील कोणी ज्येष्ठ असतील तर ही गाडी घरात कोणी, कुठून आणि साधारण कधी आणली ते विचारून लिहून ठेवावे. असा कागद गाडीसोबत असला की पुढच्या संग्राहकाचे अर्धे काम होते.

प्रश्न : लहानपणी कुर्डुवाडी–पंढरपूर मार्गावर बार्शी लाइटने प्रवास केला आहे. तिचे मॉडेल बाजारात कुठेच दिसत नाही. ती बनवणे शक्य आहे का? (सोलापूर)

उत्तर : शक्य आहे, आणि महाराष्ट्रातील छंदिष्टांनी हाती घ्यावा असा याहून चांगला विषय मला सुचत नाही. ब्रॉडगेजच्या बाबतीत जी तडजोड करावी लागते ती इथे करावीच लागत नाही. बार्शी लाइटचे गेज ७६२ मिमी म्हणजे अडीच फूट. ७६२ला ८७ने भागा, ८.८ मिमी येतात. आणि एन स्केलचे रूळ ९ मिमीचे असतात! म्हणजे इमारती, माणसे, बैलगाड्या एचओच्या आणि रूळ एनचे, एवढे केले की माप जवळजवळ अचूक जुळते. युरोपमध्ये अशा नॅरोगेज मॉडेलांसाठी ही जोडी सर्रास वापरतात. फक्त एनचे स्लीपर फार जवळजवळ आणि बारीक असतात, ते खडीने झाकावेत किंवा नॅरोगेजसाठी मिळणारे ९ मिमीचे वेगळे रूळ घ्यावेत.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने आखलेली ही रेल्वे १८९७ साली सुरू झाली. कमी वजनाच्या रुळांवर अधिक भार नेता यावा म्हणून त्याने प्रत्येक आसावरील भार पाच टनांवर मर्यादित ठेवला, आणि मालडब्यांसाठी २५ फूट बाय ७ फूट असा एकच सांगाडा ठरवला. घरी बनवणाऱ्यासाठी ही पर्वणी आहे. एचओमध्ये हे माप सुमारे ८७.५ बाय २४.५ मिमी येते. हा एक सांगाडा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांतून किंवा थ्रीडी प्रिंटरवर नीट जमला, की त्यावर बंद वाघीण, उघडी वाघीण, सपाट वाघीण असे हवे ते उभे करता येते. खाली एन स्केलच्या तयार बोगी बसवाव्यात. इंजिनाचे काम अवघड आहे. पहिली इंजिने किटसन कंपनीची, आठ चालकचाके आणि मागे चार आधारचाके असलेली होती. एन स्केलच्या एखाद्या छोट्या, जोडलेल्या चाकांच्या इंजिनाचा यांत्रिक भाग घेऊन वरचे कवच आपण बनवावे. चाकांची संख्या थोडी कमी भरली तरी चालेल. चिमणी, पाण्याच्या टाक्या आणि केबिन यांची ठेवण मात्र जुन्या छायाचित्रांवरून काटेकोर घ्यावी, कारण ओळख तिथे पटते.

आता हा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. आपल्याला आठवत असलेल्या स्थानकांची छपरे, फलाटांची उंची, पाण्याच्या टाकीची जागा यांची रेखाटने आजच करून ठेवावीत, मॉडेल केव्हाही होवो. वारीच्या दिवसांतली गर्दी दाखवायचा विचार असेल तर एचओची तयार मिळणारी माणसे युरोपीय वेषातली असतात. त्यांना धोतर, नऊवारी आणि पागोटे देण्यासाठी पुट्टी वापरावी. ती सुकली की बारीक ब्रशने रंग देता येतो.

प्रश्न : डिजिटल पद्धत सुरुवातीपासूनच घ्यावी का? (कोल्हापूर)

उत्तर : एकच गाडी एका मार्गावर फिरवायची असेल तर गरज नाही, साधा डीसी कंट्रोलर पुरतो. एकाच मार्गावर दोन इंजिने स्वतंत्र वेगाने चालवायची असतील, किंवा बोरघाटासारखे मागचे इंजिन जोडायचे-सोडायचे असेल, तर डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धत घ्यावी. तिच्यात रुळांवर सतत वीज असते आणि प्रत्येक इंजिनातील डीकोडर आपल्यासाठीचीच आज्ञा पाळतो. आज साधे इंजिन घेतले तरी डीकोडरसाठी खाच असलेले घ्यावे, म्हणजे पुढचा मार्ग मोकळा राहतो.

प्रश्न : खर्च करण्याआधी चांगले लेआऊट प्रत्यक्ष कुठे पाहता येईल? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या कष्टांतून उभे केलेले मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय आहे. आपल्याकडे साहित्य मिळत नसतानाच्या काळात त्यांनी रस्ते, इमारती, सिग्नल हाताने घडवले, त्यामुळे ते पाहणे हा शिकण्याचा भाग आहे. नॅरोगेजची ओढ असेल तर नागपूरला मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालय पाहावे; तिथे खरी इंजिने जवळून पाहता आणि मोजता येतात. परदेशी जाणे झाले तर हॅम्बर्गचे, २००१ साली सुरू झालेले मिनियाटूर वुंडरलँड चुकवू नये. मॉडेलचे प्रदर्शन पाहताना गाडीमागे धावू नका. सांधे हाताला पोहोचतील अशा जागी आहेत का, बोगद्यात गाडी अडकली तर ती काढायची सोय कुठून केली आहे, चालवणाऱ्याला आपल्या जागेवरून किती मार्ग दिसतो, हे पाहा. वही आणि मोजपट्टी सोबत असू द्या, आणि फोटोसाठी आधी परवानगी विचारा.